कोर्लई हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे

नाताळची धामधूम संपली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना समुद्राची आठवण होते. ज्यांच्या वाट्याला वर्षाचे बारा महिने काळी माती, कापूस आणि तूर येते, त्यांना निळ्या पाण्याची ओढ वाटावी हे स्वाभाविकच आहे. त्याबद्दल कुणाला बोल लावण्याचे कारण नाही. बसगाडी ठरते, वर्गणी जमते, वांद्र्याची माउंट मेरी, वसईची जुनी चर्चे, मग अलिबाग आणि मुरूड-जंजिरा असा मार्ग आखला जातो. अलीकडे या मार्गावर एका नव्या नावाची भर पडली आहे, ते म्हणजे कोर्लई. सहलीची जी पत्रके हाती पडतात त्यांत या गावाबद्दल तीन गोष्टी छापलेल्या असतात. तेथे दीपस्तंभ आहे व तो आतून पाहता येतो. तेथे पोर्तुगीजांचा किल्ला आहे. आणि तेथील ख्रिस्ती लोक 'अजूनही पोर्तुगीज बोलतात'. एका पत्रकावर तर 'महाराष्ट्रातले छोटे पोर्तुगाल' असा मथळा होता. यातली तिसरी गोष्ट खरी नाही, आणि पहिल्या दोन गोष्टींच्या रांगेत तिला बसवणे हे तर खोटेपणाहूनही वाईट आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

वाचकांपैकी अनेकांनी कोर्लई पाहिले नसेल, म्हणून थोडी माहिती देणे भाग आहे. रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातले हे मच्छीमारांचे आणि शेतकऱ्यांचे लहान गाव. रेवदंड्याहून कुंडलिकेची खाडी ओलांडली की समुद्रात घुसलेली डोंगराची एक सोंड दिसते; तिच्या कुशीत हे गाव वसले आहे. अरुंद रस्त्याच्या कडेला होड्या, वाळत घातलेली मासळी, जाळी विणणारे हात, आणि पुढे कार्मेल डोंगराच्या मातेला वाहिलेले चर्च. १५२१ साली अहमदनगरच्या निजामशहाच्या संमतीने पोर्तुगीजांनी खाडीच्या उत्तरेला चौलचा कोट उभारण्यास आरंभ केला. पुढे दोघांचे बिनसले. १५७०-७१ मध्ये चौलला मोठा वेढा पडला, आणि नंतर समोरच्या या डोंगरावर निजामशहाने आपला किल्ला बांधावयास घेतला. १५९४ साली पोर्तुगीजांनी तो जिंकला. त्या दिवशीच्या पळापळीत एक हत्ती दरवाजातच कोसळला आणि दरवाजा लावता आला नाही, अशी हकीगत जुन्या ग्रंथांतून सांगितली जाते. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई ही दोन्ही ठाणी मराठ्यांकडे गेली, १८१८ नंतर इंग्रज आले. आज गडावर छप्पर गेलेल्या चॅपेलच्या भिंती, पाण्याचे टाके, काही तोफा आणि पोर्तुगीज अक्षरे कोरलेले दगड आहेत. वारा मात्र भरपूर.

गडाच्या वाटेवरच दीपस्तंभ लागतो. तोही फिरंग्यांनी बांधला अशी पुष्कळांची समजूत असते. तो १९५५ सालचा आहे, म्हणजे स्वतंत्र भारताच्या सरकारचा. आमचा अमरावती धर्मप्रांतही त्याच साली स्थापन झाला, हा योगायोग मला उगीचच आवडतो. हा दीपस्तंभ जरूर पाहावा, या मताचा मी आहे. तेथील कर्मचारी आलेल्या माणसाला आत नेतात व यंत्रणा समजावून देतात, ही आपल्या देशातील सरकारी खात्यांचा विचार करता दुर्मीळच गोष्ट म्हणायची. दिवा आपण समजतो तेवढा मोठा नसतो. सगळी करामत भोवतालच्या काचेची आहे. तिच्या लोलकांची रचना अशी असते की चहूकडे विखुरणारा प्रकाश गोळा होऊन एका झोतात दूर फेकला जातो. याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. प्रत्येक दीपस्तंभाची उघडझाप ठरलेली असते. किती सेकंदांत किती वेळा प्रकाश दिसावा आणि मध्ये किती वेळ अंधार असावा, याचा ज्याचा त्याचा हिशेब असतो, आणि शेजारच्या दीपस्तंभाशी त्याचा घोटाळा होणार नाही अशी काळजी घेतलेली असते. खलाशी ती लय मोजतो, आपल्या यादीशी ताडून पाहतो आणि मग त्याला कळते की हा किनारा अमुक गावचा. सगळे दीपस्तंभ उद्या एकाच लयीत लुकलुकू लागले तर उजेड तेवढाच राहील, किंबहुना पाहणाऱ्याला ते दृश्य अधिक शोभिवंत वाटेल. पण पाण्यावरच्या माणसाला आपण कुठे आहोत ते समजणार नाही.

आता उपग्रहांच्या साहाय्याने जहाजांना आपले ठिकाण कळते, त्यामुळे या दिव्यांची निकड पूर्वीइतकी राहिलेली नाही. साहजिकच सरकारने त्यांच्याकडे पर्यटनाच्या दृष्टीने पाहावयास सुरुवात केली. सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यात आग्वादच्या किल्ल्यावर दीपस्तंभांचा पहिला महोत्सव झाला. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी तुतिकोरीन येथून देशातील ७५ दीपस्तंभांवरील पर्यटन-सुविधांचे लोकार्पण केले. १९२७ च्या दीपस्तंभ कायद्याच्या जागी २०२१ साली जो नवा कायदा आला, त्यात ऐतिहासिक दीपस्तंभांना वारसा म्हणून जपण्याची तरतूदही आहे. दगडाच्या आणि काचेच्या वास्तूला कायद्याचे छत्र मिळाले, चांगलेच झाले. माझा प्रश्न त्या वास्तूच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांच्या तोंडात जे आहे त्याबद्दल आहे.

कोर्लईचे ख्रिस्ती पोर्तुगीज बोलत नाहीत. ते जी भाषा बोलतात तिला भाषाशास्त्रज्ञ कोर्लईची पोर्तुगीज क्रिओल म्हणतात. गावकरी तिला 'क्रिस्ती' किंवा 'नो लिंग' म्हणतात. 'नो लिंग' म्हणजे आमची भाषा. सोळाव्या शतकात चौलच्या कोटात आलेले शिपाई, त्यांनी येथे लग्न केलेल्या वा घरात आणलेल्या स्थानिक स्त्रिया, त्यांचे नोकरचाकर, नव्याने बाप्तिस्मा घेतलेली कुळे यांच्या रोजच्या व्यवहारातून ती घडली. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण हळूहळू मराठीची झाली. पोर्तुगीजात मध्ये येणारे क्रियापद कोर्लईत आपल्या मराठीसारखे शेवटी जाऊन बसले. लिस्बनहून आलेल्या माणसाला ती सहज कळत नाही आणि रेवदंड्याच्या माणसालाही कळत नाही. जगाच्या पाठीवर ती या एकाच गावात जन्मली आणि वाढली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी वर्षानुवर्षे अभ्यास करून १९९६ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. आपल्या जनगणनेत १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषांची नावे स्वतंत्रपणे छापली जात नाहीत, त्यामुळे सरकारी कागदावर या भाषेला नावही नाही.

असे काही एकट्या कोर्लईतच होते असे समजू नये. वसई, साष्टी, ठाणे, मुंबई या सगळ्या पट्ट्यात एके काळी अशा मिश्र बोली होत्या. गोव्याच्या आसगावचे सुपुत्र मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९०६ साली उत्तरेकडील या बोलींची नोंद करून ठेवली. हे दाल्गादो स्वतः धर्मगुरू होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. कारण धर्मगुरूंनी अशा फंदात पडावे काय, असे विचारणारे सज्जन माझ्या परिचयाचे आहेत. दाल्गादोंच्या नोंदींतल्या त्या बहुतेक बोली आज नाहीत. दमणला एक उरली आहे, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ही कोर्लईची.

आता सहलीचे काय होते ते पाहा. गेल्या काही वर्षांत मी दोनदा कोर्लईला गेलो. दोन्ही वेळा रविवार होता, दोन्ही वेळा सकाळची मिस्सा संपल्यावर बाहेरगावच्या गाड्या आल्या. लोक उतरले, दीपस्तंभाकडे गेले, गड चढले, उतरले, आणि मग उरलेल्या अर्ध्या तासात 'ती भाषा' ऐकण्यासाठी ख्रिस्ती वाड्यात शिरले. ओसरीवर बसलेल्या एका वृद्धेसमोर विशीतल्या मुलाने मोबाइल धरला आणि म्हणाला, "आजी, जरा ते तुमचं पोर्तुगीज बोलून दाखवा ना." आजीबाई मराठीत म्हणाल्या, "कोणाशी बोलू? तुमाला काय कळनार?" मुलगा म्हणाला, "कळायची गरज नाही, नुसतं बोला." त्याच्या गळ्यात क्रूस होता. तो आपल्यातलाच होता.

'कळायची गरज नाही' हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेलो नाही. पोपटाला आपण असेच म्हणतो. त्याच मुलाच्या आजीकडे, वणीला किंवा दारव्ह्याला, उद्या कुणी अनोळखी माणसाने जाऊन 'जरा तुमचं वऱ्हाडी बोलून दाखवा' असे म्हटले तर घरातले लोक त्याला पाणी विचारणार नाहीत.

मार्गदर्शक सांगतात की गडावरचे कोरीव दगड हे इतिहासाचे स्मारक. तसे ते असतील. परंतु त्या दगडांवर कुणाची नावे कोरलेली असतात? राजे, गव्हर्नर, किल्लेदार. ज्या कोळी-आगरी, कुणबी किंवा कुठल्याशा दीनदुबळ्या घरातल्या मुली त्या कोटात गेल्या, ज्यांनी परक्या धन्याचे अर्धेमुर्धे शब्द उचलले आणि आपल्या व्याकरणात बसवून आपल्या लेकरांना अंगाईत दिले, त्यांचे एकही नाव कुठल्या दगडावर नाही. १७४० साली कोट पडला, धनी गलबतात बसून निघून गेले. या बायांची नातवंडे-पतवंडे मागे राहिली. राजाश्रय नाही, शाळा नाही, छापलेले पुस्तक नाही, अशा स्थितीत त्यांनी ती बोली पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ चालवली. कोर्लईत स्मारक म्हणावे असे काही असेल तर ते हे आहे, आणि ते पाहता येत नाही. ते ऐकण्यासाठी कुणाच्या तरी घरात पाहुणा म्हणून बसावे लागते.

या माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की ही परकीयांची भाषा, गुलामगिरीची खूण, ती गेली तर रडायचे कशाला? हा आक्षेप घेणारे गृहस्थ सकाळी पाव खातात, चावीने कपाट उघडतात, महिन्याच्या एक तारखेला पगार घेतात, बादलीत पाणी भरतात, बटाट्याची भाजी खातात आणि उन्हाळ्यात हापूसची पेटी मागवतात. यांतला एकेक शब्द पोर्तुगीजातून आलेला आहे; घमेले, बिजागरी आणि तुरुंगसुद्धा. शब्द कुठून आला यावरून तो परका ठरत असता तर मराठीचे निम्मे घर रिकामे करावे लागेल. भाषा कुणाची हे ती बोलणारावरून ठरते. 'क्रिस्ती' बोलणारे लोक या मातीतले आहेत, आणि ती भाषा पोर्तुगालात कुणीही बोलत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो घेणारी माणसे भित्री नाहीत, अनुभवी आहेत. ती म्हणतात, फादर, आजची हवा पाहा. आपल्याला उठता-बसता परकीय म्हणून हिणवले जाते. अशा वेळी आपल्यातले काही लोक पोर्तुगीजासारखे काहीतरी बोलतात हे जगाला ओरडून सांगायचे म्हणजे विरोधकाच्या हाती काठी देणे होय. त्यापेक्षा झाकली मूठ बरी.

मी त्यांना दोन गोष्टींची आठवण करून देतो. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली राशोल येथे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापले. चारशे वर्षांहून अधिक काळ आपण मराठीत प्रार्थना करतो, लिहितो, गातो. आणि तरीही सप्टेंबर २०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा काय झाले? त्याच वर्षाच्या जानेवारीत आमच्या यवतमाळला ९२ वे संमेलन भरले होते, तेही नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्याच्या नामुष्कीसह. आणि पुढचे, उस्मानाबादचे, फादरांच्या अध्यक्षतेखाली व्हायचे होते. ज्या माणसाने उभे आयुष्य मराठीत घालवले, 'सुवार्ता' चालवले, 'सुबोध बायबल'सारखा ग्रंथ मराठीला दिला, त्याच्याविरुद्ध केवळ तो धर्मगुरू आहे म्हणून आरडाओरड झाली, धमक्या आल्या. फादर जुलै २०२४ मध्ये आपल्यातून गेले. त्यांच्या मराठीत कुणाला कसर काढता आली काय? ज्यांना आपल्याला परके म्हणायचे आहे ते आपण ज्ञानेश्वरी मुखोद्गत केली तरी म्हणतील. मग त्यांच्या भयाने कोर्लईच्या आजीला गप्प बसवण्यात कोणता शहाणपणा आहे?

तिसरा आक्षेप गावातूनच येतो आणि त्याला मी मान देतो. पोरांनी मराठी शिकावे, इंग्रजी शिकावे, मुंबईला जाऊन चार पैसे मिळवावेत. गावची बोली घेऊन काय करायचे? आईबापांनी असे म्हटले तर त्यांना उपदेश करणारा मी कोण? भाषा जपण्यासाठी कुणी गरीब राहावे असे म्हणणे हे पोटभरल्यांचे पाप आहे. पण कोर्लईचे लोक पिढ्यान्‌पिढ्या दोन भाषा बोलत आले आहेत. घरात 'क्रिस्ती', बाजारात मराठी. मराठी आल्यामुळे घरची भाषा जात नाही. घरची भाषा लाजेची वाटू लागली की ती जाते, आणि ती लाज बाहेरून येते. तिचा काही भाग पर्यटकांच्या मोबाइलमधून येतो. काही भाग, मला स्पष्ट म्हणावे लागेल, वेदीवरून येतो.

येथे माझे अनेक धर्मगुरू बंधू नाराज होतील, त्याला इलाज नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोर्लईची उपासना लॅटिनमध्ये आणि पोर्तुगीज जाणणाऱ्या धर्मगुरूंच्या प्रवचनांत चालत असे. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेसंबंधीची आपली संविधा घोषित केली आणि लोकभाषेला दार उघडले. आमच्या पिढीच्या धर्मगुरूंना त्या दाराचे केवढे अप्रूप! सेमिनरीत आम्ही या विषयावर रात्र रात्र वाद घातले आहेत. मराठी मिस्सा, मराठी गायने, मराठी धर्मशिक्षण हे मी ख्रिस्तसभेच्या गेल्या शतकातील मोठ्या कमाईत धरतो. पण कोर्लईत लोकभाषा म्हणून कोणती भाषा आली? मराठी. म्हणजे जी भाषा त्या लोकांच्या घरात बोलली जात नव्हती ती. महासभेने माणसाच्या बोलीसाठी दार उघडले आणि आपण त्यातून राज्यभाषेला आत नेले. पोर्तुगीज निदान 'क्रिस्ती'ची मावशी तरी होती. तिच्या आधाराने घरच्या शब्दांना थोडी प्रतिष्ठा मिळत होती. मराठी आली आणि चर्च, शाळा, बाजार, कचेरी या चारही ठिकाणी एकच भाषा झाली. घराला एकट्याने किती काळ टिकाव धरता येईल?

यावर कुणी म्हणेल की हजार लोकांसाठी मिस्साग्रंथाचे भाषांतर कोण करणार, रोम त्याला मान्यता कधी देणार? पूर्ण मिस्साग्रंथ कुणी मागितलेला नाही. जपमाळेचे एक दशक, सणाच्या दिवशी एक गीत, शुभवर्तमानाचा उतारा मराठीत वाचून झाल्यावर त्याचा भावार्थ गावच्याच एखाद्या प्रौढ माणसाने गावच्या बोलीत सांगणे, कार्मेलमातेच्या १६ जुलैच्या सणाला एक प्रार्थना. यासाठी कुठल्याही परवान्याची गरज नाही. धर्मग्रामाच्या सभेत ठराव झाला की पुरे. आणि ज्यांना शास्त्राचा आधार हवा त्यांनी संत मार्काचे शुभवर्तमान काढावे. मार्क ग्रीकमध्ये लिहितो, त्याच्या वाचकांना अरामी येत नाही. तरीही मुलीला उठवताना, बहिऱ्याचे कान उघडताना, बागेत पित्याला हाक मारताना प्रभूच्या तोंडचे अरामी शब्द तो तसेच ठेवतो आणि शेजारी अर्थ देतो. गालीलची ती बोली यरुशलेममध्ये हसण्याचा विषय होती. पेत्र कुठला हे अंगणातल्या लोकांनी त्याच्या बोलण्यावरूनच ओळखले. प्रभूने ती बोली सोडली नाही आणि सुवार्तिकाने तिचा शब्द पुसला नाही. आपल्याला एवढी घाई कशाची?

'यवतमाळच्या धर्मगुरूने कोर्लईची उठाठेव का करावी', हा प्रश्न कुणाच्या तरी मनात येणारच. त्याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव या भागांत कोलाम बांधवांचे पोड आहेत. काटकरी आणि माडिया गोंड यांच्यासह महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींत त्यांची गणना होते. त्यांची कोलामी मराठीची बोली नाही. ती द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा आहे, आणि २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सव्वा लाखाहून अधिक लोक नोंदले गेले. म्हणजे कोर्लईच्या शंभरपट. तेथे संख्येची सबब चालत नाही. एका पोडावर मी एका मुलीकडून प्रभूची प्रार्थना ऐकली. तिने ती पाढ्यासारखी खणखणीत म्हटली, एक अक्षर चुकले नाही. मी विचारले, "बेटा, हे तू घरी आजीला शिकवलंस का?" ती म्हणाली, "आजीले मराठी नाही येत." ती आजी बाप्तिस्मा घेतलेली आहे. तिच्या देवाशी बोलण्यासाठी आपण तिला जी भाषा दिली ती तिला येत नाही, आणि जी येते तिच्यात देवाशी बोलता येते असे तिला कुणी सांगितलेले नाही. आमच्या भागातली बहुतेक धर्मशिक्षणाची पुस्तके पुण्या-मुंबई-वसईच्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली असतात. त्यांत होडी असते, नारळ असतो. पोड नसतो, पळस नसतो. तरीही ती पोडावर तशीच वाटली जातात.

तेव्हा कोर्लईच्या गाड्यांबद्दल बोलताना मी आमच्याच लोकांबद्दल बोलत आहे. आपण सातशे किलोमीटरवरच्या बोलीचे नवल पाहायला वर्गणी काढतो आणि सत्तर किलोमीटरवरच्या बोलीला 'अडाणी' म्हणतो. मधल्या काळात, २०२२ साली, कोर्लईचे नाव महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत महिनाभर गाजत होते. तेथे कुणाचे कथित बंगले आहेत की नाहीत या वादावरून. बंगल्यांची संख्या तेव्हा पानपट्टीवरल्या माणसालाही पाठ झाली. त्या गावाला स्वतःची भाषा आहे, हे त्या गदारोळात किती जणांच्या कानी पडले?

सहली बंद करा असे मी म्हणत नाही. जावे, पण गाडी शनिवारी रात्री पोहोचेल अशी काढावी, रविवारी सकाळी गावकऱ्यांबरोबर मिस्सेला बसावे, त्यासाठी तेथील धर्मगुरूंना आधी कळवावे. जेवण गावातल्याच बायांकडून करून घ्यावे व त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. दीपस्तंभ पाहावा, गड चढावा, मुलांना उघडझापीचा हिशेब समजावून सांगावा. वाड्यात शिरताना मोबाइल खिशात ठेवावा. आणि कुणी आपणहून ओसरीवर बोलावलेच तर 'बोलून दाखवा' असे न म्हणता आपल्या घरची चार वाक्ये आधी बोलावीत; ज्याची कोलामी असेल त्याने कोलामीत, ज्याची गोरमाटी असेल त्याने गोरमाटीत, वऱ्हाडीवाल्याने वऱ्हाडीत. मग तेही बोलतील. न बोलले तर तो त्यांचा अधिकार. आमच्या धर्मग्रामाची यंदाची गाडी या अटींवरच निघेल, असे मी रविवारी वेदीवरून सांगितले. सेहेचाळीस नावे नोंदली होती, त्यांतली अकरा काढून घेतली गेली. काढू द्यात.

या त्रैमासिकाच्या संपादक मंडळाकडेही माझी एक मागणी आहे. आपल्या पानांवर मराठी ख्रिस्ती साहित्याचा गौरव दर अंकात होतो, तो व्हावाच. परंतु वर्षातल्या चार अंकांपैकी किमान एका अंकात चार पाने अशा बोलींना द्यावीत. मूळ मजकूर देवनागरीत, शेजारी मराठी अर्थ, आणि सांगणाऱ्याची संमती असेल तर त्याचे नाव. प्रार्थना असोत, अंगाई असोत, लग्नातली गाणी असोत की मासळी सुकवण्याची रीत. कोलामीची पहिली दोन पाने झरीकडच्या पोडांवरून गोळा करून पुढच्या अंकाच्या मुदतीआधी पाठवण्याची जबाबदारी मी घेतो. ती लिहून काढण्यासाठी दहावी झालेली दोन कोलाम मुले तयार आहेत. त्यांना कागद, प्रवासखर्च आणि छापील अंकाच्या पाच-पाच प्रती द्याव्यात. कोर्लईच्या पानासाठी मात्र पत्र संपादकांनी लिहावे, आणि ते तेथील धर्मग्राम मंडळाला लिहावे. कुणी लेखक पाठवू नये.